रेघेची जाडी

आलेख कागद घडी घालून आणायचा नसतो. स्टेशनरीच्या दुकानात तो सुटा मिळायचा, आणि दुकानदार सवयीने त्याची चौघडी करायला लागला की हात पुढे करून त्याला थांबवावं लागायचं. कारण एकदा घडी पडली की ती कितीही दाबली तरी जात नाही, आणि नेमक्या त्या जागेवरून रेघ जाताना पेन्सिलीचं टोक अडखळतं. म्हणून सुरळी करून, सुरळीला सैल रबर लावून, तो हातातून आणायचा. घरी आल्यावर चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवून त्याला सरळ व्हायला वेळ द्यायचा. सकाळी खिडकीशी धरला तर मिलिमीटर-मिलिमीटरच्या त्या घरांतून ऊन गाळून येई, फिकट हिरवं. दर दहावी रेघ थोडी गडद, बाकीच्या इतक्या बारीक की फार वेळ पाहत राहिलं तर त्या हलू लागत, तापलेल्या माळावरची दुपारची हवा हलते तशा.

मग डावीकडे आणि खाली जागा सोडून एक उभी रेघ, एक आडवी. टोकांना बाण. त्या जिथे भेटतात तिथे शून्य. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात ‘प्रमाण’ एवढं लिहून पुढे दोन टिंबं. पहिला स्तंभ अजून उभा राहिलेला नाही. सांख्यिकीच्या प्रकरणातला हा क्षण मला सगळ्यांत आवडायचा. उदाहरणातले आकडे कसलेही असोत, गावातल्या सायकली असोत, कारखान्यातलं उत्पादन असो, कुठल्याशा शाळेतल्या मुलांची वजनं असोत, ते सारणीच्या चौकटीत निमूट बसलेले असत, आणि त्यांच्यासमोर हा मोकळा, आखीव, वाट पाहणारा कागद. आतापर्यंत जे नुसतं वाचता येत होतं त्याला उंची येणार होती.

एकदा बाईंनी पुस्तकातलं उदाहरण बाजूला ठेवलं आणि फळ्यावर आमच्याच जिल्ह्याचा पाऊस लिहिला. सातारा जिल्हा असा, की त्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आणि पूर्वेला आमचं माण. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. आमच्याकडे पाचशेच्या आत-बाहेर. प्रमाण ठरलं : उभ्या अक्षावर १ सेमी = ५०० मिमी. म्हणजे आमचा स्तंभ एक सेंटिमीटरचा आणि महाबळेश्वरचा अकरा. आमचा स्तंभ निळ्या पेन्सिलीच्या चार फटकाऱ्यांत रंगवून झाला. महाबळेश्वरचा संपता संपेना. पेन्सिलीला टोक काढावं लागलं, बोटं भरून आली, तळहाताची कड निळ्या भुकटीने माखली, तास संपल्याची घंटा झाली, आणि तरी वरचे दोन सेंटिमीटर पांढरेच. महाबळेश्वरला खूप पाऊस पडतो हे मला तोवर पाठ होतं.

त्या दिवशी ते मनगटाला कळलं.

नागपंचमीला आई माहेरी निघाली की मी तिच्यासोबत असायचे. दहिवडीहून एसटी निघे तेव्हा खिडकीबाहेर उघडे डोंगर, बोरी-बाभळी, कोरडे ओढे, मेंढरांमागून उठणारी धूळ. पुसेगाव मागे पडे, कोरेगाव येई, साताऱ्याला गाडी बदलायची, आणि मेढ्याच्या वाटेला लागलो की हवा अंगाला चिकटू लागे. आधी दगडांवर नुसती हिरवट ओल, मग शेवाळ, मग झाडांच्या खोडांवरही शेवाळ. भाताच्या खाचरांतून पाणी या बांधावरून त्या बांधाखाली उतरत चाललेलं. कुणीतरी खिडकीची काच ओढून घेई. आई डोक्यावरून पदर घेऊन बाहेर बघत बसे, आणि गावागणिक तिचा चेहरा सैल होत जाई. पावसाच्या मुलखातून कोरड्या मुलखात दिलेली ती मुलगी. ज्या वाटेने सासरी आली त्याच वाटेने वर्षातून एकदा उलटी चाललेली. बाईंनी काढून घेतलेल्या त्या आलेखात एक सेंटिमीटरच्या आणि अकरा सेंटिमीटरच्या स्तंभामध्ये दोन बोटांची रिकामी जागा होती. स्तंभांमधलं अंतर समान ठेवावं, असं पुस्तक सांगतं. त्या अंतरात काय असतं ते पुस्तक सांगत नाही.

आई त्या अंतरात राहत होती.

वरच्या इयत्तेत आयतालेख आला आणि ही मधली जागा मिटली. आयतालेखात स्तंभ एकमेकांना खेटून उभे राहतात, आणि त्यासाठी वर्ग सलग करून घ्यावे लागतात. उंचीचे वर्ग १३१ ते १४०, १४१ ते १५० असे दिलेले असतील तर १४० आणि १४१ यांच्या मधल्या एका सेंटिमीटरची वाटणी करायची, अर्धा याला, अर्धा त्याला. मग वर्ग होतात १३०.५ ते १४०.५, १४०.५ ते १५०.५. मुलं हे पाठ केल्यासारखं करून टाकतात. मला मात्र तो अर्धा सेंटिमीटर फार मोलाचा वाटत आला आहे. वाढणारं मूल १४० वर थांबून तिथून १४१ वर उडी घेत नाही. मधल्या प्रत्येक केसाएवढ्या जागेतून ते जातं, झोपेत, पोटऱ्यांत कळा येत असताना, त्याच्या गणवेशाचा दुमडलेला काठ उसवून खाली सोडला जात असताना. आपण तुटक मोजतो ते मुळात सलग होतं, एवढं त्या अर्ध्याने मान्य केलेलं असतं.

मग प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर मधोमध एक टिंब, आणि टिंबांना जोडत जाणारी रेघ. वारंवारता बहुभुज. त्याचा एक नियम आहे, जो मला अजूनही दर वेळी थांबवतो. पहिल्या वर्गाच्या आधी एक आणि शेवटच्या वर्गानंतर एक असे दोन वर्ग कल्पायचे, त्यांची वारंवारता शून्य धरायची, आणि रेघ दोन्हीकडे खाली आणून अक्षावर टेकवायची. ज्या उंचीचं वर्गात कुणीच नाही तिथून ती निघते, पहिल्या बाकावरच्या सगळ्यांत बुटक्या मुलीला स्पर्श करून वर चढते, जिथे बहुतेक सगळे आहेत तिथे माथा गाठते, शेवटच्या बाकावरच्या उंच मुलापाशी पुन्हा उतरलेली असते, आणि पुढे कुणीच नसलेल्या जागी जाऊन थांबते. या दोन रिकाम्या वर्गांशिवाय आकृती मिटत नाही.

हे सगळं कुणाच्या हातून आधी निघालं, हे शोधत गेले तेव्हा एक पोरकं घर सापडलं. विल्यम प्लेफेअर हा स्कॉटलंडमधला मुलगा. १७७२ मध्ये वडील गेले तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा होता. थोरला भाऊ जॉन, जो पुढे एडिंबरामध्ये गणिताचा प्राध्यापक झाला, त्याने या धाकट्याला शिकवलं. त्याला रोजच्या तापमानाची नोंद ठेवायला लावली. आज पारा कुठे होता, काल कुठे होता, त्याच्या खुणा आखलेल्या कागदावर करायला लावल्या. जे जे आकड्यांत सांगता येतं ते रेघांत दाखवता येतं, हे भावाने शिकवलं, असं विल्यमने पुढे लिहून ठेवलं आहे. मला त्या घरातली थंडी दिसते. बाप नसलेल्या घरात थोरल्याने धाकट्याला रोज सकाळी पाऱ्याकडे बघायला पाठवणं दिसतं, आणि वाटतं, शोकाला इतकं नेमकं आणि इतकं मायेचं काम क्वचितच कुणी दिलं असेल.

१७८६ मध्ये लंडनमध्ये विल्यमचा आलेखसंग्रह निघाला. त्यातले बाकी सगळे आलेख काळाच्या वाहत्या रेघांचे, वर्षामागून वर्ष चाललेल्या आयात-निर्यातीचे. फक्त स्कॉटलंडच्या व्यापाराची माहिती त्याच्या हाती एकाच वर्षाची होती, १७८१ची. एका वर्षाची रेघ ओढणार कशी? म्हणून त्याने प्रत्येक देशापुढे आडव्या पट्ट्या काढल्या, एक आयातीची, एक निर्यातीची. स्तंभालेख जन्मला तो असा, आडवा, आणि माहिती अपुरी होती म्हणून. त्याला स्वतःला तो बाकीच्यांहून कमी उपयोगाचा वाटला होता. आज तिसरी-चौथीतलं मूल सगळ्यांत आधी ओळखतं ती हीच पट्टी. वृत्तालेखही त्याचाच, १८०१चा.

मोजणं मात्र कागदाच्या फार आधीचं. आमच्या आजीच्या चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा असत. ती शाळेत गेलेली नव्हती. शेजारी रतीब घातला की एक उभी रेघ. चार झाल्या की पाचवी तिरकी, चार ताटांना पाचव्याचा वेढा देऊन पेंढी बांधावी तशी. पुस्तकात ताळ्याच्या खुणा पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला त्या ओळखीच्या माणसासारख्या भेटल्या. महिनाअखेरीला आजी भिंतीसमोर उभी राहून ओठांत पुटपुटत पेंढ्या मोजायची, हिशेब घ्यायची, आणि मग पोतेऱ्याने ती जागा पुसून काढायची. ओल्या भिंतीवर कोळशाचा धुरकट डाग तेवढा राही, गेल्या सगळ्या महिन्यांचा मिळून एक.

दुष्काळी मुलखाला मोजणं शिकवावं लागत नाही. टँकर आला की घरटी किती हंडे, हे तान्ह्या पोरालाही ठाऊक. पीक उभं असताना तलाठी आणि शेतीखात्याचा माणूस दोरी आणि खुंट्या घेऊन शेतात उतरत, नेमून आलेल्या जागी चौकोन आखत, आणि तेवढ्याच चौकोनातली ज्वारी कापून, मळून, तराजूत घालत. पीक कापणी प्रयोग. तो चौकोन मी जवळून पाहिलेला आहे. दोरीच्या आतली कणसं आणि दोरीच्या बाहेरची कणसं एकाच वाऱ्याने हलत होती, आणि शेतकरी त्या दोरीकडे अशा नजरेने बघत होता की जणू त्या चौकोनात त्याचा सगळा शिवार गोळा होऊन आला आहे. तसा तो आलेलाच होता. त्या मूठभर धान्याच्या वजनावरून गावाची पैसेवारी ठरायची होती, आणि पैसेवारी पन्नासच्या आत आली तर सारामाफी, सवलती, रोजगाराची कामं.

असं चौकोनावरून शिवार ओळखण्याच्या शास्त्रात ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांतले एक आमच्याच बाजूचे. खटाव तालुक्यातल्या बुध गावात १९११ मध्ये पांडुरंग वासुदेव सुखात्मे जन्मले. नमुना पाहणीचं काम करत करत ते जागतिक अन्न व कृषी संघटनेत गेले आणि जगाची भूक मोजू लागले. त्यांचं एक म्हणणं होतं, ज्याच्यावर अभ्यासकांत मोठे वाद झाले : माणसाची अन्नाची गरज ही एक ठाम रेघ नसते. ती माणसागणिक वेगळी असते, आणि त्याच एका माणसातही आज-उद्या खालीवर होत राहते. तेव्हा सरासरीच्या खाली दिसणारा प्रत्येकजण उपाशीच आहे असं धरता येत नाही. बुधच्या आसपासचा तो कोरडा माळ मला माहीत आहे. तिथे जन्मलेल्या माणसाने भुकेच्या रेघेकडे इतकं टक लावून पाहावं, की ती एक रेघ नसून थरथरता पट्टा आहे असं त्याला दिसावं, याचं मला नवल वाटत नाही. डोळे भरून येतात एवढंच.

आणि मग तो आलेख, जो मला उभ्या आयुष्यात सोडून गेला नाही. लोकसंख्येचा. आजच्या भारताच्या हद्दीपुरते आकडे धरलेले : १९०१ मध्ये २३.८४ कोटी, १९११ मध्ये २५.२१ कोटी, १९२१ मध्ये २५.१३ कोटी, १९३१ मध्ये २७.९० कोटी, आणि पुढे चढत चढत २०११ मध्ये १२१ कोटी. प्रमाण : १ सेमी = १० कोटी. बारा स्तंभ. काढायला घेतला की हाताला चढण लागते. आधी सावकाश, मग धाप लागेल अशी. शेवटचा स्तंभ बारा सेंटिमीटर वर जातो. या सगळ्यात फक्त एकदा, एकाच ठिकाणी, पुढचा स्तंभ मागच्याहून ठेंगणा आहे.

१९२१.

किती ठेंगणा? या प्रमाणावर एक मिलिमीटर म्हणजे एक कोटी माणसं. २५.२१ आणि २५.१३ यांतला फरक मिलिमीटरचा बारावा हिस्साही नाही. तो कागदावर काढता येत नाही. पेन्सिलीला कितीही टोक केलं तरी तिची रेघ अर्ध्या मिलिमीटरची असते, आणि अर्धा मिलिमीटर म्हणजे पन्नास लाख. मी दोन्ही स्तंभांच्या माथ्यांना पट्टी लावून पाहिली होती. पट्टी हलत नव्हती. बाई म्हणाल्या, ‘डोळ्याला सारखेच दिसणार. वर आकडा लिही.’ मी वर आकडा लिहिला, आणि त्या दोन सारख्या पायऱ्यांकडे बघत बसले. सगळा जिना चढता असताना मधेच ही एक पायरी चढायची का राहिली?

१९१८च्या जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएंझा उतरला, महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांबरोबर. पावसाळ्यानंतर दुसऱ्या लाटेने तो गावागावांत शिरला. आमच्याकडे त्याला मानमोडी म्हणत. त्याच वर्षी पाऊसही हुकला होता. देशभरात एक कोटीहून अधिक माणसं गेली, कुणी म्हणतात याहून पुष्कळ अधिक. आजी सांगायची, तिच्या आईच्या माहेरी त्या आश्विनात एका आठवड्यात दोन भाऊ गेले. सरणाला लाकूड मिळेना आणि खांद्याला माणूस. थोरल्याचं लग्न ठरलेलं होतं. धाकट्याला घरात सगळे लाडाच्या नावाने हाक मारत, त्यामुळे त्याचं खरं नाव काय होतं ते पुढे कुणालाच नीट सांगता येईना. आजी हे सांगताना कधी रडली नाही, ते तिने ऐकलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. पण सांगून झाल्यावर ती उठून उगाचच दाराची कडी बघून यायची.

आधीच्या दहा वर्षांत जेवढी वाढ झाली होती तेवढीच पुढच्या दहा वर्षांत होती तर १९२१चा स्तंभ जेमतेम दीड मिलिमीटर उंच गेला असता. दीड घर. कागदावरचं ते हिरवट, रिकामं दीड घर मी पुष्कळदा बोटाने चाचपलं आहे. ते दोघे भाऊ तिथे कुठेतरी आहेत, त्या रेघेच्या जाडीत, अशाच लाखोंच्या सोबत, खांद्याला खांदा.

आलेख माणसाला पुसून टाकतो, त्याची नुसती पट्टी करतो, असं म्हणणारे मला भेटतात. मला ते मान्य नाही. सारणीत १९२१चा आकडा मी कितीदा तरी वाचला होता आणि पुढे गेले होते. पायरी चढली नाही हे हाताला कळलं तेव्हा मी आजीला विचारायला गेले. त्या न चढलेल्या पायरीने मला त्या घरापर्यंत नेलं, नाव विसरलेल्या त्या मुलापर्यंत नेलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५८ मध्ये क्रिमियाच्या युद्धातल्या मृत्यूंचा आलेख छापला, तेव्हा त्यांनाही हेच हवं असणार. वर्षाचे बारा महिने म्हणजे वर्तुळाच्या बारा फाकी. जखमांनी मेलेले लाल, टाळता येण्यासारख्या रोगांनी मेलेले निळे, बाकीचे काळे. जानेवारी १८५५ची निळी फाक पानावर पसरतच जाते. ज्यांच्या हाती सैनिकांची इस्पितळं होती त्यांना रकाने वाचायला सवड नव्हती. पण डोळ्यासमोर पसरलेला निळा रंग न बघता कुणाला राहता येणार?

सगळंच मात्र रेघेत सापडतं असं नाही. वृत्तालेखाच्या धड्यात दिवसाची वाटणी असते : झोप ८ तास, शाळा ७, अभ्यास ४, खेळ २, इतर ३. तासाला पंधरा अंश. झोपेचे १२०, शाळेचे १०५, अभ्यासाचे ६०, खेळाचे ३०, इतरांचे ४५; बेरीज ३६०, वर्तुळ पूर्ण. माझा दिवस काढून झाल्यावर मी आईचा काढायला घेतला होता. ती भाकरी थापत होती. ‘स्वयंपाकाला किती तास?’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘लिही तीन.’ मग थांबून म्हणाली, ‘पण त्यातच तुझे पाढे पण घेते की गं.’ गोठ्याकडे एक कान असतो, तो कशात धरायचा? आजीला औषध देताना दळणही निवडलं जातं, ते? कोनमापकाचा मध्य वर्तुळाच्या मध्यावर नीट बसवलेला होता, पेन्सिलीला टोक होतं, आणि पहिली त्रिज्या कुठे ओढावी ते समजत नव्हतं. पुस्तकातल्या मुलाचा दिवस एका वेळी एकाच फाकीत असतो. तिचा दिवस एकाच वेळी तीन फाकींत होता, आणि त्यांची बेरीज करायला गेलं तर वर्तुळ पुरत नव्हतं.

ती चुलीच्या उजेडात बसली होती. भाकरी फुगली, तिने ती उलटली, आणि माझ्या कोऱ्या वर्तुळाकडे बघून म्हणाली, ‘सगळंच रंगव एका रंगाने.’

आता आकडे दिले की यंत्र क्षणात आलेख काढून देतं. २०२० मध्ये तर रोज संध्याकाळी घराघरांत तो चढता वक्र पाहिला जात होता. ज्यांनी शाळा सोडून पन्नास वर्षं झाली असतील तीही माणसं उताराची वाट बघायला शिकली. यंत्राचे आलेख सुबक असतात, मी ते वापरते. तरी मुलांनी निदान काही वर्षं ते हाताने काढावेत असं मला कळकळीने वाटतं. अकरा सेंटिमीटर रंगवायला जो वेळ लागतो तो वाया जात नसतो. तेवढा वेळ ते मूल त्या आकड्यासोबत असतं.

माझी धाकटी बहीण माणमधल्याच एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिच्या मुलांनी प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून, तो आत उलटा बसवून पर्जन्यमापक केला आहे, आणि व्हरांड्याच्या भिंतीवर आलेख कागद एकाशेजारी एक चिकटवून ती रोजच्या पावसाचे स्तंभ काढतात. प्रमाण : १ सेमी = १० मिमी. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला अवघा ७३, हे तिने त्यांना सांगितलं तेव्हा पोरांनी बाक ओढून, वर चढून, भिंतीवर चौऱ्याण्णव सेंटिमीटरवर खडूने खूण केली. आपल्याकडचा अख्खा वर्षाचा पाऊस त्या खुणेपर्यंत पोचत नाही हे कळल्यावर बराच वेळ कुणी बाकावरून उतरायला तयार नव्हतं.

मी गेले त्या दिवशी वेगळाच वाद चालला होता. पाऊस नसलेल्या दिवसांच्या तारखा लिहायच्या की नाहीत? एका मुलाचं म्हणणं, नुसती जागा जाते, कागद संपतो. सहावीतली एक मुलगी हटून बसली होती. ‘तारीख लिवायचीच,’ ती म्हणाली. ‘न्हाईतर दोन पाऊस शेजारी शेजारी येतील. मधी किती दिस गेलं ते कुणाला कळणार?’ बहिणीने तिची बाजू घेतली. मग सगळ्यांनी मिळून मागच्या राहिलेल्या तारखा भरायला सुरुवात केली. तारीख, वर अक्षावर बारीक शून्य, तारीख, शून्य. एका रविवारपाशी हात थांबले. त्या दिवशी बाटली कुणी बघितलीच नव्हती.

‘शून्य टाक की,’ मुलगा म्हणाला.

‘बघितलं न्हाई तर शून्य कसं?’

मला २०२१ आठवलं. त्या वर्षीची जनगणना झालीच नाही. लोकसंख्येच्या आलेखात २०११ नंतरची जागा कोरी सोडावी लागते, तिथे शून्यही लिहिता येत नाही. बहिणीने त्या रविवारी तारीख तेवढी लिहायला सांगितली आणि वरचं घर मोकळं ठेवलं. मग तिने विचारलं, येत्या रविवारी कोण येणार? सात-आठ हात वर झाले. फळ्यावर नावं लिहायला घेतली गेली, भांडणं सुरू झाली, पाळ्या लागल्या. ती मुलगी नाव सांगायच्या आधी फाटकाची किल्ली सुट्टीच्या दिवशी कुणाकडे असते, ते विचारून घेत होती.